हॉस्पिटलमधून एक दिवसाचा पास

मेट्रोतला फोटो स्टेटसला टाकल्यापासून फोन आणि मेसेज थांबत नाहीयेत, 'सुटलीस का एकदाची', 'डिस्चार्ज झाला आणि सांगितलं पण नाहीस' वगैरे. तर डिस्चार्ज झालेला नाहीये. मी अजून रिहॅबमध्येच आहे, म्हणजे आजारानंतर परत हालचाल शिकवतात त्या विभागात, झोपायला इथलाच बेड, सकाळी बीपी बघायला सिस्टर येतात आणि मग फिजिओ सुरू होतं. रविवारी मला फक्त एक दिवसाचा पास मिळाला होता. सकाळचा नाश्ता आणि गोळ्या झाल्या की बाहेर पडायचं आणि रात्रीच्या गोळ्यांच्या आधी परत यायचं. या एका दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या मते हा दिवस माझ्या ट्रीटमेंटचाच भाग होता, आणि मोठा भाग होता, आणि आपल्याकडे असं काही मागता येतं हेच बहुतेक पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना माहीत नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे पेशंट एकदम वाढले. पेपरात रोज आकडा यायचा, पुढे तो संशयित धरून दोनशेच्या वर गेला. त्यातली एक मी. आधी पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं, आणि मग आठवड्याभराने तळपायाला मुंग्या यायला लागल्या. नंतर चप्पल पायातून आपोआप निसटायला लागली, मग जिना चढताना कठडा धरावा लागला, आणि मग एका सकाळी बेडवरून उठताच येईना. हा आजार असाच खालून वर चढतो. पोटात किंवा छातीत काहीतरी इन्फेक्शन होऊन जातं, शरीर त्याच्याशी लढायला ज्या अँटिबॉडी बनवतं त्या नंतर स्वतःच्याच नसांवर उलटतात. पुण्यातल्या पेशंटच्या तपासण्यांत काही जणांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, काहींमध्ये नोरोव्हायरस.

आयसीयूमधले दिवस मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की मला आयव्हीआयजी दिलं, म्हणजे शिरेतून देतात त्या अँटिबॉडी, पाच दिवस, वजनाच्या हिशोबाने. हे औषध फॅक्टरीत नुसत्या केमिकलपासून बनत नाही, हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मामधून, म्हणजे रक्तातल्या पातळ भागातून काढतात. ते बाटलीतून थेंब थेंब येत असताना डॉक्टरांनी हे सांगितलं आणि तेव्हापासून रक्तदान, प्लाझ्मादान करणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल माझ्या मनात जे आहे ते शब्दात नाही सांगता येत.

त्यानंतर आजार वाढायचा थांबला, पण थांबला म्हणजे बरा झाला असं नसतं, हे इथे सगळ्यांना समजावून सांगावं लागतं. नस म्हणजे वायर धरली तर काहींची नुसती वरची कोटिंग गेलेली असते, ती शरीर त्या मानाने लवकर भरून काढतं, काहींची आतली तारच खराब होते आणि ती परत वाढायचा वेग असतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला जेमतेम तीन सेंटिमीटर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे कळेल माझे पाय सगळ्यात शेवटी का येणार आहेत. हात परत आलेत, चेहरा परत आलाय, बसता येतं, धरून उभं राहता येतं, पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन बाजूंच्या दांड्या धरून, काही पावलं टाकता येतात, पण दोन्ही पावलं खाली लोंबतात म्हणून पायाला प्लास्टिकचे एएफओ स्प्लिंट, घोटा आणि पाऊल सरळ धरून ठेवणारे, घालावे लागतात. बाकी सगळीकडे व्हीलचेअर. बोटं लवकर दमतात म्हणून हे पण बरंचसं फोनवर बोलून टाइप करतेय, तेव्हा वाक्यं लांबली तर समजून घ्या.

पास घ्यायची कल्पना आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवते तिची. ती म्हणाली, ताई, तुम्ही इथे सगळं छान करताय पण इथली जमीन सपाट आहे, दारं रुंद आहेत, बेड वरखाली होतो, बाथरूममध्ये चारी बाजूंनी दांड्या आहेत. घरी यातलं काय आहे? डिस्चार्जच्या दिवशी घरी जाऊन कळलं की बाथरूममध्ये व्हीलचेअर जात नाही तर त्या रात्री काय कराल? एकदा जाऊन बघून या, मोजून या, आणि मग त्याप्रमाणे आपण पुढचे आठवडे तयारी करू.

घरात यावर चांगलंच वाजलं. नवऱ्याचं म्हणणं, अगं इतक्या कष्टाने इथवर आणलंय तुला, बाहेर ऊन आहे, इन्फेक्शन आहे, पडलीबिडलीस तर? सासूबाई फोनवर रडायलाच लागल्या, म्हणाल्या पूर्ण बरी होऊनच ये गं, अशी अर्धवट नको. मला दोघांचंही पटत होतं पण मला जायचं होतं. मला कुणी तरी 'पेशंट' न म्हणता रस्त्यातून बाजूला व्हा म्हणावं असं वाटत होतं. आणि दुसरं, हे विचित्र वाटेल, पण मला लांबचं काहीतरी बघायचं होतं. जानेवारीपासून मी बघितलेली सगळ्यात लांबची गोष्ट म्हणजे कॉरिडॉरचं दुसरं टोक. आयसीयूत तर सीलिंगच. माणसाच्या डोळ्यांना क्षितिज लागतं, खरंच लागतं.

डॉक्टरांनी अटी घातल्या आणि त्या मी मुद्दाम लिहितेय कारण कुणाला उपयोगी पडतील. आडवं असताना आणि बसल्यावर बीपी फार पडत नाही ना हे सलग काही दिवस बघितलं, कारण जीबीएसमध्ये बीपी आणि हार्टरेट सांभाळणाऱ्या नसा पण गडबडतात, उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. व्हीलचेअरमध्ये सलग दोन तास बसता येतंय ना ते बघितलं. नवऱ्याकडून आणि दिराकडून मला व्हीलचेअरमधून गाडीत बसवण्याची प्रॅक्टिस करून घेतली, पार्किंगमध्ये, फिजिओसमोर, जमेपर्यंत. दुपारच्या गोळ्यांचं पाकीट, फाइलमधल्या समरीची झेरॉक्स, वॉर्डचा नंबर. एका कागदावर आमच्या सह्या. आणि हो, कॅशलेस विमा असेल तर टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांना, आधी विचारून घ्या, पेशंट दिवसभर बाहेर जाऊ शकतो मग ॲडमिट कशाला असा प्रश्न नंतर आला तर बिलाच्या वेळी त्रास. आमच्या डॉक्टरांनी हा दिवस उपचारांतच धरून तशी नोंद फाइलमध्ये केली. रविवार निवडला कारण रविवारी तसंही थेरपी नसते, काही बुडत नाही.

सकाळी मावशींनी केस धुवून वेणी घातली. गाऊन नाही, सलवार-कुर्ता. इलॅस्टिकची सलवार, टॉयलेटला सोपी जाते म्हणून. पायात ते घट्ट मोजे, बीपी पडू नये म्हणून असतात ते, वर स्प्लिंट, त्यावर लेकीने आणलेले दोन साइझ मोठे बूट कारण स्प्लिंटसकट नेहमीचा बूट जात नाही. वॉर्डातल्या इतर पेशंटनी असा निरोप दिला ना, सायकलवरून पडून मणक्याला मार लागलेला एक मुलगा आहे, माझ्या लेकीपेक्षा थोडा मोठा, तो म्हणाला काकू सगळं नीट बघून या, मला सांगा बाहेर काय काय जमतं ते. त्याच्यासाठी म्हणून मी दिवसभर मनात नोंदी करत होते.

गाडीत बसायचं तंत्र सांगते. पुढची सीट पूर्ण मागे सारायची, पाठ थोडी रेलवायची, सीटवर एक मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरायची. व्हीलचेअर तिरकी लावून ब्रेक, बाजूचा हात काढायचा, मग ट्रान्सफर बोर्ड म्हणजे ती गुळगुळीत फळी अर्धी चेअरवर अर्धी सीटवर, आणि हाताने रेटत रेटत सरकायचं, मागून नवरा कमरेचा पट्टा धरून. बुड सीटवर आलं की डोकं वाकवून आत आणि मग दुसऱ्याने पाय एकेक करून आत ठेवायचे. त्या पिशवीमुळे माणूस सीटवर सहज वळतो, नाहीतर कापडाला कापड धरून बसतं. बसल्यावर पिशवी काढून टाका, ब्रेक मारला की घसरायला होतं.

आधी मेट्रो. फिजिओनेच सुचवलेलं, म्हणाला बाहेरची गर्दीची जागा हवीच असेल तर लिफ्ट असलेली निवडा. वनाज स्टेशन. गाडीतून उतरून स्टेशनच्या लिफ्टपर्यंत अंतर किती, चालत्या माणसाला एक मिनिट. आम्हाला कितीतरी पट वेळ लागला. फुटपाथ उंच आणि जिथे उतार पाहिजे तिथे बाइक लावलेली. फुटपाथची कड सहा इंचांपेक्षा उंच नसावी, क्रॉसिंगला उतार असावा असं रस्ते बांधायच्या नियमांत लिहिलेलं आहे, दिराने नंतर सांगितलं, पण खुर्चीत बसल्यावर ते नियम अंगावर कळतात. पुढची लहान चाकं एवढ्याशा फटीत अडकतात आणि माणूस पुढे फेकला जातो, म्हणून कड असो, फट असो, उतरताना पाठमोरं उतरायचं, मोठी चाकं आधी.

आणि स्टेशनच्या आत शिरल्यावर सगळं बदललं. लिफ्ट, रुंद गेट, सपाट जमीन, प्लॅटफॉर्म आणि गाडी एका लेव्हलला, मध्ये फट आहे पण बोटभर. सिक्युरिटीच्या मुलीने बसल्या जागीच तपासलं आणि विचारलं, 'मॅडम, कुठे उतरणार?' मला विचारलं, बरं का, माझ्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला नाही. गेले कित्येक आठवडे सगळे प्रश्न माझ्या डोक्यावरून जायचे, 'त्यांनी जेवण केलं का', 'त्यांना मोशन झाली का', आणि मी तिथेच असायचे. मी सांगितलं, रामवाडी, म्हणजे लाइनचं दुसरं टोक. ते सांगताना आवाज जरा भरून आला माझा.

डब्यात व्हीलचेअरसाठी जागा असते तिथे ब्रेक लावून बसले, लेक बाजूला. आनंदनगर, आयडियल कॉलनी, मग नळस्टॉपला तो दुमजली पूल, खाली गाड्या, मध्ये पूल आणि वर आपण. गरवारे कॉलेज सोडलं की गाडी नदीच्या बाजूला येते आणि तिथे एकदम सगळं मोकळं झालं. डेक्कनच्या आणि संभाजी उद्यानाच्या स्टेशनांवरचं ते पगडीसारखं छप्पर, खाली मुठेचं पात्र, उन्हाळ्यामुळे पाणी कमीच, पलीकडे पेठा, आणि लांबवर टेकड्या. लेक मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, मी काहीच करत नव्हते, फक्त लांब बघत होते. सिव्हिल कोर्टनंतर नदी ओलांडली, मंगळवार पेठ, पुणे स्टेशन, मग बंडगार्डन आणि पुढे पुन्हा पाणी, इथे मुळा-मुठा एकत्र झालेली असते आणि पात्र रुंद. बंडगार्डनला खाली तो जुना दगडी पूल आहे, फिट्झगेराल्ड ब्रिज, 1869 सालचा. लहानपणी बाबा तिथे घेऊन यायचे आणि मी त्यांच्या आधी धावत पलीकडे पोचायचे, लेकीला सांगितलं तर म्हणाली, आई पुढच्या वेळी खाली जाऊ. बघू म्हटलं.

अर्ध्या तासाने मी पुढे वाकून बसायला विसरले तर लेकीने आठवण केली. एका जागी बसून राहिलं की बुडाखाली त्वचेला रक्त पोचत नाही, बेडसोअर होतात, म्हणून दर अर्ध्या तासाने पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून भार हलका करायचा. समोरच्या आजी विचारत होत्या, 'पोटात दुखतंय का गं?' त्यांना समजावून सांगितलं. जीबीएस म्हटल्यावर आजूबाजूचे दोघेतिघे लगेच वळले, एक बाई म्हणाल्या आम्ही पण धायरीचे, आम्ही अजून पाणी उकळून गार करून पितो. मग रामवाडीपर्यंत तोच विषय, कुणाकडे टँकर, कुणाकडे आरओ, कुणाच्या ओळखीत कोण ॲडमिट होतं. मला बरं वाटलं बोलून. सगळे माझ्याशी बोलत होते, माझ्या आजाराबद्दल माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत नव्हतं तिथे.

रामवाडीला उतरून टॉयलेटला गेले. याबद्दल लिहायला बायकांना संकोच वाटतो पण मला वाटतं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बाहेर जायचं म्हटलं की आपण पाणी कमी पितो, चालत्या-फिरत्या बायकाही हेच करतात, आणि व्हीलचेअरवर तर जास्तच. एप्रिलचं ऊन, बीपी पडणारं शरीर आणि वर पाणी कमी, म्हणजे चक्कर ठरलेली. म्हणून डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं की पाणी प्यायचंच, आणि म्हणूनच टॉयलेट कुठे आहे यावर सगळा रूट ठरला होता. स्टेशनवर व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं वेगळं टॉयलेट आहे, आत चेअर वळवता येते, दांडी आहे. लेकीला घेऊन आत गेले, काम झालं. शहरात अशा किती जागा आहेत जिथे मला हे करता येईल, दवाखाने सोडून, हे मी त्या दिवसापासून मनात शोधतेय आणि यादी फार छोटी आहे.

वनाजला परत आलो आणि वारज्यावरून हायवेने घरी. इथे माझी खरी परीक्षा होती.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे याचा आम्हाला फ्लॅट घेताना केवढा आनंद झाला होता, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. पण पार्किंगमधून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत. इतकी वर्षं त्या चढताना पायऱ्या आहेत हे जाणवलंही नव्हतं. नवरा मागून हँडल धरून, दीर आणि वॉचमन पुढून, चेअर पाठमोरी करून एकेक पायरी वर. पुढून धरताना पायाच्या पट्ट्या किंवा बाजूचे हात धरायचे नाहीत, ते निघणारे असतात, हातात येतात, फ्रेमचाच लोखंडी भाग धरायचा. त्या तीन पायऱ्यांवर मी डोळे मिटून घेतले होते. मला भीती पडायची नव्हती खरंतर, मला वाईट याचं वाटत होतं की माझ्याच घरी जायला मला तीन माणसं लागली, आणि ही तिघं रोज कुठून आणायची.

चेअरमनकाका खाली आलेच. म्हणाले वहिनी, रॅम्प करून टाकू, एक फळी टाकली की झालं. दिराने टेप काढून दाखवलं. तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या म्हणजे दीड फूट उंची, आणि रॅम्पचा उतार धरतात एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट. फळी टाकून होत नाही, तेवढ्या चढावर एक तर ढकलणारा दमतो किंवा चेअर मागे येते. अठरा फूट म्हणजे एका गाडीचं पार्किंग जाणार. काका गप्प झाले, पण नाही म्हणाले नाहीत, मीटिंगमध्ये घेतो म्हणाले. दीर वकील आहे, त्याने त्यांना शांतपणे सांगितलं की 2016 चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे आणि 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज जाता यावं यासाठीचे, नियम नुसते शिफारस म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे किमान नियम करा. मला कायदा दाखवून भांडायचं नाहीये. त्याच बिल्डिंगमध्ये राहायचंय मला. पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला तेव्हापासून ते खाली आलेलेच नाहीत हे मला त्या पायऱ्यांवर आठवलं, आणि ते मी काकांना सांगितलं. ते त्यांना कायद्यापेक्षा जास्त लागलं असं वाटलं.

वर दारात सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. उंबरठा आमचा उंच, सागवानी, तिथे चेअर थांबली, मागे कलवून पुढची चाकं आधी आत घेतली. मग त्यांनी ओवाळलं. फोनवर रडणाऱ्या बाई, पण समोर आल्यावर म्हणाल्या, बरीच बारीक झालीस, आधी जेव. चैत्र होता म्हणून आंब्याची डाळ आणि पन्हं केलेलं, साधं वरण-भात, मेथीची भाजी. हॉस्पिटलच्या जेवणाला मी नावं नाही ठेवणार, तिथे माणसं मनापासून करतात, पण स्वतःच्या ताटात स्वतःच्या हाताने भात कालवून खाल्ला. बोटांना अजून पूर्ण स्पर्श कळत नाही, भात गरम आहे की नाही हे लेकीने आधी बघितलं कारण चटका कळत नाही मला, पण कालवला मीच.

जेवणानंतर मोजमाप. थेरपिस्टने दिलेल्या कागदावर रकाने होते, नवरा मोजत होता, लेक लिहीत होती, मी खुर्चीत बसून सूचना देत होते. बेडची उंची सतरा इंच, माझी चेअर वीस, म्हणजे बेडवर जाताना उतार आणि चेअरवर येताना चढ, चढ मला जमत नाही, म्हणून बेडच्या पायांखाली ठोकळे. कमोड सोळा इंच, त्यावर चार इंचांची उंच सीट मिळते ती बसवायची. बाजूला भिंतीत दांडी, पण टाइलच्या मागे वीट आहे की पोकळ पार्टिशन ते बघून, नाहीतर वजन टाकलं की दांडी हातात. किचनमध्ये ओटा माझ्या छातीला लागतो, गॅसपर्यंत हात पोचत नाही, तर भाजी निवडायला-चिरायला वेगळं टेबल.

आणि बाथरूमचं दार. दार अडीच फुटी म्हणतात पण चौकट आणि उघडलेल्या पल्ल्याची जाडी सोडून मोकळी जागा भरली साडेपंचवीस इंच. माझी चेअर चाकाच्या बाहेरच्या रिंगपासून रिंगपर्यंत साडेपंचवीस. नवरा म्हणाला जाईल की, बरोब्बर आहे. मी चाकं हाताने फिरवते त्यामुळे बोटं कुठे जाणार? त्यात आत जमीन इंचभर खोल आणि मध्ये ग्रॅनाइटची पट्टी. मी दारापर्यंत गेले आणि आतला माझा आरसा, माझा साबण, सगळं दिसत होतं, आणि जाता येईना. तिथे मला रडू आलं. दिवसभरात एकदाच. सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, दार काढून टाकू या, पडदा लावू, तुझ्यापेक्षा दार मोठं आहे का. पल्ला काढला की इंच-दीड इंच वाढतो, आणि आंघोळीसाठी वेगळी अरुंद चेअर मिळते छोट्या चाकांची, ती सहज जाते. उपाय आहेत. पण हे डिस्चार्जच्या रात्री कळलं असतं तर, हे मला राहून राहून वाटत होतं.

दुपारी जी गळून गेले ती दोन तास. जीबीएसचा थकवा वेगळा असतो, झोप येत नाही पण अंगातून सगळं काढून घेतल्यासारखं होतं, हात उचलवत नाही, बोलवत नाही. स्नायू परत आले तरी हा थकवा बऱ्याच जणांना पुढे कितीतरी महिने राहतो म्हणतात. आणि पायात ती जळजळ, करंट बसल्यासारखी, त्याच्या गोळ्या चालू आहेत. शेजारच्या बायका भेटायला आलेल्या, सासूबाईंनी दारातूनच गोड बोलून परत पाठवल्या. मी माझ्या बेडवर माझ्या उशीवर पडून होते, पंखा तसाच टकटक आवाज करत होता, बाहेर कोकीळ ओरडत होती, आणि आतल्या खोलीत लेक आणि सासूबाई कशावरून तरी वाद घालत होत्या. घरचा आवाज. सिस्टरच्या ट्रॉलीचा नाही, मॉनिटरचा नाही.

परत निघताना लेक म्हणाली, आई तुला परत जावंसं नाही वाटत ना. मला वाटलं होतं की मी दारात अडून बसेन. पण तसं झालं नाही. मला कळलं होतं काय काय शिकायचं राहिलंय आणि ते शिकायची जागा कुठे आहे, त्यामुळे पाय ओढले नाहीत. त्या तीन पायऱ्या उतरून गाडीत, आणि रात्रीच्या गोळ्यांच्या आत वॉर्डात. बीपी चांगलं होतं. टाचा, कंबर सगळं सिस्टरनी टॉर्च लावून तपासलं, कुठे लाल झालेलं नाही. त्या मुलाला सगळं सांगितलं, फुटपाथचं, मेट्रोचं, पिशवीचं, तो फोनवर लिहून घेत होता.

सोमवारी थेरपिस्टसमोर तो कागद ठेवला आणि माझं आठवड्याचं वेळापत्रकच बदललं. आता जिममध्ये नुसतं उभं राहायचं नाही, सतरा इंचांच्या बेडवरून वीस इंचांच्या चेअरवर चढायची प्रॅक्टिस, हातांची ताकद त्यासाठी. कठडा धरून सहा इंचाची एक पायरी, स्प्लिंट घालून, दोन्ही बाजूंना माणूस. एक जमली की दुसरी. अठरा फुटांचा रॅम्प होईपर्यंत थांबायचं की पायऱ्याच जिंकायच्या, दोन्ही बाजूंनी काम चालू. घरी सुतार येऊन गेला, बाथरूमचा पल्ला निघाला, पडदा सासूबाईंनीच शिवला, निळ्या फुलांचा. सोसायटीची मीटिंग पुढच्या रविवारी आहे आणि आजोबांच्या सूनबाई तिथे बोलणार आहेत.

दुसऱ्या पाससाठी मी अर्ज दिलाय. या वेळी बंडगार्डनला उतरायचं आणि त्या जुन्या पुलापाशी जायचं असं ठरतंय, वाटेत किती कडा आणि किती उतार आहेत ते दीर आधी बाइकवर जाऊन बघून येणार. सासूबाई पण येणार म्हणतायत. गुडघ्यांमुळे त्यांचं मेट्रोत बसायचं राहूनच गेलंय, आणि आता त्यांना कळलंय की तिथे एकही जिना चढावा लागत नाही.